बुंदीच्या पेटीतली साडी

कागदावर बुंदी हेमंतची होती. तिचं नाव, तिच्या आईबापाची नावं, जन्मतारीख, मानेत टोचलेल्या चिपचा नंबर, सगळं त्याच्या फायलीत आहे. पण बुंदी माझी होती. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकताना तुम्हाला माझा राग येईल, तेव्हा निदान मी ते कशापायी केलं एवढं तरी माहीत असावं.

हेमंतचं कुत्र्यांचं फार्म सापगावच्या बाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्र्याखाली अकरा खोल्या, प्रत्येकीपुढे जाळी लावलेलं अंगण, आणि मागच्या बाजूला आंब्याच्या झाडालगत विटांची भिंत. मे महिन्यात आणि दिवाळीत ठाण्या-मुंबईची माणसं फिरायला निघाली की आपली कुत्री आमच्याकडे ठेवून जातात. सोबत त्यांची चादर, त्यांचं खेळणं, आणि ‘आमचा ब्रूनो पनीरशिवाय जेवत नाही’ असली चिठ्ठी. ब्रूनो दुसऱ्याच दिवशी आमचा भात चाटूनपुसून खातो, ते मी त्यांना सांगत नाही. हे झालं पाहुण्यांचं. बाकी हेमंत स्वतः लॅब्राडोर पाळतो, त्यांची वीण करतो आणि घर बघूनच पिल्लू देतो. नवरा गेल्यावर मी शेत दिराकडे कसायला दिलं आणि इथे लागले, त्याला नऊ वर्षं झाली. पहिला आठवडा कुत्र्यांना भिऊन काढला होता. आता हेमंत बाहेर गेला की अकरा खोल्यांच्या चाव्या माझ्या कमरेला असतात.

बुंदीच्या आईला दूध पुरलं नव्हतं. बुंदी आणि तिचा एक भाऊ अगदीच मागे पडले, तेव्हा त्या दोघांना मी ड्रॉपरने पाजलं. भाऊ गेला, ही राहिली. पुढे तिच्या स्वतःच्या दोन विणी झाल्या, आणि दोन्ही वेळा खोलीत फक्त मी होते. हेमंतसुद्धा खिडकीतून बघायचा. तो आत आला की ती कळा धरून ठेवायची आणि तो गेला की सोडायची. जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणायच्या, ‘निर्मलाताई, या कुत्रीची सुईण तुम्हीच.’ हे वाक्य मी घरी, शेजारी, मुरबाडला मुलीच्या सासरी, सगळीकडे सांगितलं होतं.

माझी एक पद्धत आहे. वीण जवळ आली की एक जुनी सुती साडी मी तीन दिवस सलग नेसते आणि न धुता, घड्या घालून पेटीत अंथरते. पेटी म्हणजे कुत्रीला विण्यासाठी केलेली लाकडी, बुटकी चौकट. आत चारही बाजूंनी एक दांडा असतो, आई कुशीवर वळली तरी पिल्लू फळीशी चेंगरू नये म्हणून. हेमंतनं आणलेल्या कोऱ्या चादरींवर बुंदी कधीच बसली नाही. माझी साडी घातली की पायानं उकरून, तीन गिरक्या घेऊन बसायची. अंगाचा वास ओळखीचा असला की जनावर निवांत होतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

या वर्षी फेब्रुवारीत बुंदीला नर दाखवून आणला. तिची ही तिसरी आणि शेवटची वीण, असं डॉक्टरबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. नेमकं तेव्हाच मुरबाडहून हर्षालीचा, माझ्या मुलीचा फोन आला. तिला दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते, सासू अंथरुणाला खिळलेली. मी दीड महिन्याची रजा काढली. जाताना बुंदीचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हटलं, ‘येते गो, तुझ्या टाइमाला येते.’ आणि गेले.

परत आले ती एप्रिलच्या सुरुवातीला. अंगाला अजून शेपा-ओव्याच्या धुरीचा वास होता. फाटक उघडलं तेव्हा वाटलं, आता ही मला आडवी पाडणार. बुंदी आली. पोट जड झालं होतं, सावकाश आली. माझे पाय हुंगले, शेपटी दोनदा हलवली, आणि वळून परत गेली.

कुठे गेली म्हणून बघितलं, तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक बाई पाय पसरून भाकरी खात बसलेली. बुंदीनं तिच्या पावलावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले.

ती ठकू. डोळखांबकडच्या वाडीतली. दरवर्षी घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची, यंदा गुडघा धरला म्हणून मागे राहिली आणि सापगावात बहिणीकडे आली. मी नसताना झाडलोटीला कोणीतरी हवं होतं, हेमंतनं तिला ठेवलं. माझ्याच वयाची, हाडकुळी, हातांना विटांचे घट्टे. मला बघून घाईनं उठली आणि पदरानं तोंड पुसलं.

‘तुमी निर्मलाताय ना? दादा लय सांगत व्हते तुमचा.’

मी ‘हं’ म्हटलं. बुंदी तिच्या पायाशीच होती.

त्या दिवशी मी जळले. दुसरा शब्द नाही. सवत बघितल्यासारखी जळले, आणि तीही पन्नाशी ओलांडल्यावर, एका कुत्रीवरून.

मी तिच्यात काय आहे ते शोधायला लागले. काहीच नव्हतं. मी बुंदीशी दिवसभर बोलते, तिला गाणी म्हणते, तिची नखं कापते, कानात थेंब घालते. ठकू बोलायचीच नाही. झाडायची, पाणी बदलायची, आणि काम झालं की जमिनीवर बसायची. बुंदीला हाक मारायची नाही की गोंजारायची नाही. बुंदी आपण होऊन जायची. मी शहापूरहून कोंबडीची कलेजी आणून उकडली आणि हातानं भरवली. माझी कलेजी पोटात घालून ती टाकीच्या सावलीत ठकूजवळ जाऊन आडवी झाली.

‘नाचणीची भाकर चारतेस ना तिला चोरून?’ मी एकदा विचारलंच.

‘नाय ताय. दादानं सांगितला, तिचा खाणा मापाचा हाय.’

‘मग ती तुझ्याकडं काय म्हणून येते?’

ठकूनं खरंच विचार केला. ‘मी गप बसतं म्हणून असंल,’ ती म्हणाली.

यात टोमणा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मला तो कानाखाली दिल्यासारखा लागला. वर हेमंतला चेष्टा सुचली. ‘काकू, तुमच्या पोरीनं पार्टी बदलली की काय!’ असं म्हणून तो हसला. मी पण हसले आणि आत जाऊन भांडी आपटली.

पंचावन्नाव्या दिवशी शहापूरला नेऊन एक्स-रे काढला. आठ पिल्लांचे कणे मोजता आले. मी पेटी उन्हात धुऊन वाळवली, खोलीत बल्ब लावला, पिल्लांच्या गळ्यात बांधायला आठ रंगांची लोकर कापून ठेवली. हर्षालीकडून आणलेली, मोरपिशी काठाची माझी जुनी साडी तीन दिवस नेसले आणि पेटीत अंथरली. बुंदीला आत सोडलं. तिनं साडी हुंगली, दातांत धरली, आणि ओढत ओढत पेटीबाहेर नेऊन टाकली.

मी परत अंथरली. तिनं परत काढली. तिसऱ्यांदा मी तिला दटावलं, तर ती उठून बाहेरच गेली. आली तेव्हा तोंडात ठकूचा टॉवेल होता. डोक्याला गुंडाळायची ती तो, विटलेला, घामट. बुंदीनं तो पेटीच्या कोपऱ्यात ठेवला, उकरला, तीन गिरक्या घेतल्या आणि बसली.

माझी पद्धत. मी शोधलेली.

दुसऱ्या दिवशी बुंदी अंगणात असताना मी तो टॉवेल उचलला, फिनेलच्या पाण्यात बुडवून पिळला आणि तारेवर वाळत घातला. ठकूनं येऊन बघितलं. हात लावून वास घेतला. मग माझ्याकडे न बघता तो तसाच ओला टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि कामाला लागली. तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला चार शब्द ऐकवता आले असते, बरं वाटलं असतं.

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. वीण जवळ आली की कुत्रीचा ताप दिवसातून दोनदा बघतात. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून शेपटीखाली. एरवी शंभर-एकशे एकच्या आसपास असतो. विण्याआधी तो एकदम खाली येतो. नव्याण्णवच्या खाली आला की समजायचं, दिवस-रात्रीच्या आत पिल्लं. भिंतीला दोरीनं वही बांधलेली असते, तिच्यात तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. हेमंत त्या आकड्यावर आपलं जाणं-येणं ठरवतो, डॉक्टरबाई त्यावर औषध आणि वेळ ठरवतात. नऊ वर्षांत त्या वहीतला एकही आकडा मी चुकवला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला थर्मामीटर बघितला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

म्हणजे उद्या. म्हणजे उद्या ठकू इथे असणार, बुंदी तिच्या पायाशी जाणार, आणि माझ्या बुंदीची शेवटची वीण, जिच्यासाठी मी नातवाला सोडून आले, ती ठकूच्या मांडीवर होणार. डॉक्टरबाई येणार आणि म्हणणार, अगंबाई, आता ही नवी सुईण! हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर इतकं लख्ख उभं राहिलं, की पेन हातात होतं आणि मी लिहिलं: शंभर पॉइंट चार.

हेमंत वही बघायला आला. शनिवारी त्याला नाशिकला डॉग शो होता, दोन कुत्री न्यायची होती. ‘शंभर आहे, म्हणजे अजून वेळ आहे,’ तो म्हणाला. ‘मग मी पहाटे निघतो काकू. संध्याकाळपर्यंत परत.’

‘जा बिनधास्त,’ मी म्हणाले.

आणि सकाळी ठकू आली तेव्हा तिलाही वाटेला लावलं. तिच्या भावाच्या मुलीची हळद होती वाडीवर. वही बघून काय ते ठरवू, असं हेमंतनं तिला आधीच सांगितलेलं. ‘जा गो,’ मी म्हटलं, ‘बुंदीला अजून चार दिवस हायत. भाचीची हळद काय परत येणार हाय?’

ठकूनं बुंदीकडे बघितलं. बुंदी सकाळपासून अंगणाची माती उकरत होती. मग ठकूनं माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. ‘बरा ताय,’ म्हणाली. पिशवी घेतली आणि गेली. फाटक लावताना माझ्या मनात काय होतं ते कशाला लपवू? मला आनंद झाला होता.

दहाच्या सुमाराला बुंदी धापा टाकायला लागली. मी तिला खोलीत घेतलं, दार लावलं, पेटीत साडी पुन्हा अंथरली, शेजारी बसले. गाणी म्हटली. ‘मी हाय ना गो, मी हाय,’ म्हणत राहिले. ती पेटीत शिरायची, थरथरायची, उठायची आणि मागच्या दाराशी जाऊन पंजानं खरवडायची. आंब्याकडे उघडणारं दार ते. मला वाटलं, तिला शू करायची असेल. पुढच्या अंगणात नेलं, तर केली नाही. आत आणली, पुन्हा मागचं दार. नाक फटीला लावून कुई कुई. पोटावरून कळ सरकताना दिसायची, आणि ती अंग आखडून ती कळ धरून ठेवायची. हेमंत खोलीत आला की करायची, तसंच. या वेळी खोलीत मी होते.

साडेबारापर्यंत एकही पिल्लू नाही. मग मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या मुरबाडच्या बाजूला, एका गोठ्यावर गेल्या होत्या.

‘ताप कधी उतरला?’ त्यांनी पहिलं तेच विचारलं.

माझ्यासमोर वही होती. कालच्या रकान्यात माझ्याच अक्षरात शंभर पॉइंट चार. ‘आज सकाळी,’ मी म्हणाले.

‘मग घाई करू नका. सकाळी उतरला असेल तर अजून वेळ आहे तिला. शांत ठेवा, खोलीत अंधार करा. काही रंगीत पाणी गेलं तर लगेच सांगा.’

मी फोन ठेवला. खिडकीवर पोतं टाकलं. एक काटा आतून टोचत होता की बाईंना खरी वेळ सांगायला हवी होती. पण ती सांगितली तर ‘वहीत तसं का नाही?’ हा प्रश्न येणार होता. मी बसून राहिले. बुंदी दार खरवडत राहिली. दाराचा रंग निघून खाली लाकूड दिसायला लागलं.

पावणेदोनला तिच्या शेपटीखालून हिरवं पाणी आलं. पिल्लू आलं नाही, नुसतं पाणी आलं. हिरव्या पाण्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. आत एखाद्या पिल्लाची वार सुटलेली असते आणि त्याला आता आईकडून श्वास मिळत नसतो.

फोन लावला. ‘बाई, हिरवं पाणी गेलं. आणि बाई, ताप सकाळी नाय उतरला. काल संध्याकाळी उतरला. सहाला.’

पलीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ‘निघाले. पाऊण तास लागेल. पहिलं पिल्लू काहीही करून बाहेर यायला हवं. ती कोणाजवळ मोकळी होते?’

नऊ वर्षांत या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. मी फोन ठेवला. ठकूला फोन लावून उपयोग नव्हता, डोळखांबहून यायला तिला दीड तास लागला असता. काय करावं ते सुचेना, तेव्हा बुंदी जे सकाळपासून मागत होती तेच केलं. मागच्या दाराची कडी काढली.

बुंदी बाहेर धावली, पोट सांभाळत, थेट आंब्याखालच्या भिंतीपाशी. तिथे भिंतीच्या पडक्या भागात उभी राहून ती एकदाच भुंकली. पलीकडून ठकू उठून उभी राहिली. हातात तीच पिशवी, केसांत हळदीसाठी माळलेला गजरा सुकून काळा पडलेला.

ती पडकी भिंत ओलांडून आली, बुंदीच्या मानेवर हात ठेवला आणि आत चालत गेली. बुंदी तिच्या गुडघ्याला घासत तिच्याबरोबर गेली. ठकू पेटीच्या कडेला भिंतीला टेकून बसली. बुंदीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं, एक लांब श्वास सोडला, आणि कळ सोडली.

दुसऱ्याच कळेला पिल्लू आलं. काळसर, मोठं, नर. मी पिल्लावरची पातळ पिशवी फोडली, तोंडातलं पाणी ओढून काढलं, टॉवेलमध्ये धरून चोळलं, डोकं खाली करून झटकलं, पुन्हा चोळलं. मला हे येतं. या हातांनी मी कितीतरी मेल्यासारखी पिल्लं रडवली आहेत. पंधरा मिनिटं चोळलं. ते गरम होतं, मऊ होतं, सगळी नखं आलेली होती. रडलं नाही.

‘ताय,’ ठकू हळूच म्हणाली, ‘दुसरा येतंय.’

डॉक्टरबाई आल्या तोवर आणखी तीन झाली होती, तिन्ही जिवंत. त्यांनी इंजेक्शन दिलं, उरलेली चार संध्याकाळपर्यंत झाली. सात पिल्लं चुपूचुपू ओढायला लागली. बाईंनी हात धुतले आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, ‘निर्मलाताई, मी तुमच्या शब्दावर घरी बसते, गाडी काढते. हे लक्षात ठेवा.’ त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या दिवशी मला कोणीच ओरडलं नाही.

मेलेल्या पिल्लाला गुंडाळायला काहीतरी हवं होतं. पेटीच्या बाहेर माझी साडी पडली होती, बुंदीनं पुन्हा काढून टाकलेली, कोरडी, एकही डाग न लागलेली. त्याच साडीत मी त्याला गुंडाळलं. पोटाशी धरलं आणि आंब्याखाली नेलं. ठकूनं खड्डा खणला, मी खणला असता त्यापेक्षा खोल.

‘तू गेली का नायस हळदीला?’ मी विचारलं.

‘पाय निघंना. काल सांजच्याला तिनं खाल्ला नाय, सकाळी पोट खाली आलेला. मना कळला की आज हाय.’

‘मग बोलली का नायस?’

ठकूनं फावड्यानं माती ओढली. ‘तुमी जा म्हणालात. वाटला, तुमाला एकटीला करायचा हाय. तुमीच तिला वाढवलीत, तुमचा हक्क हाय. म्हणून भितीपल्याड बसली. काय लागला तं हाक माराल.’

म्हणजे बुंदी दिवसभर ते दार खरवडत होती, ते भिंतीपलीकडून ठकूचा वास येत होता म्हणून. एक क्षण मला वाटलं, हिच्या तोंडावर म्हणावं, तू तिथे बसलीस म्हणूनच ती कळा धरून बसली, तुझ्यामुळेच गेलं पोर. शब्द ओठांवर आले होते. तिच्या गजऱ्याकडे बघून गिळले. तिनं भाचीची हळद सोडली होती, आणि तीही मला मान द्यायला. खोटं सांगत नाही, त्याबद्दलसुद्धा मला तिचा हेवा वाटला.

आत येऊन मी वही घेतली. शंभर पॉइंट चारवर आडवी रेघ मारली, खाली अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं आणि पुढे माझं नाव. हेमंतनं रात्री ते वाचलं. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मग म्हणाला, ‘ठकूला आकडे शिकवा काकू. यापुढे थर्मामीटर दोघींनी बघायचा.’ मी शिकवते आहे. तिला आठ आणि नऊ पटकन वेगळे ओळखता येत नाहीत, बाकी जमतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण धूत होते, तेव्हा मागे ओलं नाक लागलं. वळून बघितलं, बुंदी. पिल्लांना पाजून, पेटीतून उठून आपण होऊन माझ्याकडे आली होती. मी पाण्याचा पाइप टाकला. खोलीत गेले, ती मागे आली. स्वयंपाकघरात गेले, मागे आली. ठकू टाकीपाशी बसली होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला, की ठकू बघतेय ना, याची मी खातरी करून घेतली. ती बघत होती.

दुपारपर्यंत मी हवेत होते. मग लक्षात आलं, बुंदी माझ्या तोंडाकडे बघतच नाही. ती माझ्या साडीत नाक घालते. पायाशी सुरू करते, निऱ्या हुंगत वर येते आणि पोटापाशी थांबते. जिथे मी ते गाठोडं धरलं होतं, तिथे. तिथे ती कुईकुई करते, पंजानं साडी बाजूला करून बघते, आणि काही सापडलं नाही की माझ्याकडे वर बघते. आंब्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली की पुढे धावते आणि वळून माझी वाट बघते.

मी आंघोळ केली, साडी बदलली, तीही ट्रंकेतून काढलेली, धुतलेली. उपयोग नाही. तिचं पहिलं पोर माझ्या वासात गुंडाळून गेलं, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. माझी पद्धत खरी निघाली. वासावरूनच जनावर ओळखतं.

आता पिल्लं वीस दिवसांची झालीत. डोळे उघडलेत, पेटीच्या दांड्यावर चढायला बघतात. बुंदी त्यांचं सगळं करते आणि मोकळी झाली की माझ्यामागे लागते. काल संध्याकाळी हेमंतसुद्धा म्हणाला, ‘काकू, जिंकलात बुवा!’ ठकू भांडी घासत होती. तिनं हात थांबवले आणि माझ्याकडे बघून मनापासून हसली.

‘बगा ताय,’ ती म्हणाली, ‘शेवटी तुमचीच ती.’

मी ‘हो’ म्हणाले. बुंदीनं माझ्या निऱ्यांत नाक खुपसलं, पायापासून पोटापर्यंत सगळं हुंगलं, आणि पुन्हा पायापासून सुरुवात केली.